आधी कालवा, मग जंगल : स्वीडनच्या खडीच्या रस्त्यांवर पहिली सायकलसफर

स्वीडनमध्ये सायकल फिरवायची ठरली की नवखा माणूस आधी नकाशावर डांबरी सायकलमार्ग शोधतो. माझा सल्ला उलटा आहे. डांबर जमेल तितकं टाळा. इथल्या सरकारी रस्त्यांचा जवळजवळ पाचवा हिस्सा आजही खडी-मुरमाचा आहे, आणि शेतांतून, जंगलांतून गेलेल्या खासगी रस्त्यांचं जाळं त्याहून वेगळं. आपल्याकडे कच्चा रस्ता म्हणजे डांबराची वाट पाहत बसलेला रस्ता. इथे तो मुद्दाम कच्चा ठेवलेला असतो. त्यावर वेळच्या वेळी ग्रेडर फिरतो, पाणी जायला दोन्ही बाजूंनी चर असतात, आणि तासभर गेला तरी एखादीच मोटार भेटते.

मात्र पहिल्याच दिवशी थेट घनदाट जंगलात शिरू नका. जंगलातले लाकूडवाहतुकीचे रस्ते सतत चढतात-उतरतात, एकासारखे एक दिसतात आणि अधूनमधून कुठेही न पोचता संपतात. दुकान नाही, विचारायला माणूस नाही, फोनची रेंजही भरवशाची नाही. सुरुवात कालव्याने करा. दोन दिवस पाण्याकाठच्या सपाट वाटेवर हात आणि सामान दोन्ही बसू द्या, मग जंगलाकडे वळा. पुढे सांगितलेला मार्ग याच क्रमाने आखला आहे. वेनर्न सरोवरापासून गोटा कालव्याने वेटर्न सरोवरापर्यंत, तिथून तीवेदेनच्या जंगलातून वळसा घेऊन मोताला, आणि शेवटी वादस्तेना-रोकच्या जुन्या भूमीत. पुण्या-मुंबईहून नोकरीसाठी गोथेनबर्ग किंवा स्टॉकहोमला आलेल्यांना हा भाग एका सुट्टीत सहज जमतो. भारतातून खास येणाऱ्यांनी शेंगेन व्हिसा आणि विमानात सायकल नेण्याचा खर्च आधीच हिशेबात धरावा.

दिशा पश्चिमेकडून पूर्वेकडे ठेवा. दक्षिण स्वीडनमध्ये वारा बहुतेक वेळा पश्चिमेचा किंवा नैर्ऋत्येचा असतो. सपाट प्रदेशात समोरचा वारा म्हणजे न संपणारा घाट.

कधी जायचं

मे अखेरपासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत. त्याआधी, हिवाळा सरताना, जमिनीत गोठलेलं पाणी सुटू लागतं. रस्ता वरून कोरडा दिसतो, पण आतून मऊ झालेला असतो आणि चाक रुततं. जूनमध्ये सूर्य पहाटे चारच्या सुमारास उगवतो आणि रात्री दहानंतर मावळतो, त्यामुळे अंधार पडेल ही धास्ती नसते. रात्री मात्र पारा १० अंशांखाली उतरू शकतो. जून आहे म्हणून स्वेटर घरी ठेवू नका.

जूनमधल्या दोन गोष्टी सांभाळा. पहिली मिडसमर. १९ ते २५ जूनच्या दरम्यान येणाऱ्या शुक्रवारी हा सण असतो. त्या दिवशी दुकानं बंद किंवा अर्धा दिवस उघडी, आणि सगळा देश गावाकडे गेलेला. खाणं आदल्या दिवशीच भरून ठेवा. दुसरी म्हणजे मोतालाची वेटर्नरुंडान. १९६६ पासून भरणारी ही वेटर्नभोवतीची तीनशेहून अधिक किलोमीटरची सायकलफेरी जूनच्या मध्याला असते, आणि त्या आठवड्यात मोताला-वादस्तेना भागात राहायला जागा मिळणं मुश्कील. तारीख पाहूनच बेत करा.

जुलैत स्वीडिश लोकांची सुट्टी असते. कालव्यावर बोटी, कॅफे, मुलंबाळं, सगळं गजबजलेलं. पहिल्यांदा येणाऱ्याला ही वर्दळ सोयीची वाटू शकते. मला विचाराल तर ऑगस्टचा दुसरा पंधरवडा उत्तम. शाळा सुरू झालेल्या असतात, डास कमी झालेले असतात आणि जंगलात ब्लूबेरी संपता संपता लाल लिंगोनबेरी पिकू लागतात. फक्त कालव्याकाठचे काही कॅफे तोवर वेळ कमी करतात किंवा बंदच होतात, तेव्हा डबा जवळ हवा.

सायकल आणि सामान

ग्रॅव्हल बाईक, म्हणजे खडीच्या रस्त्यांसाठी केलेली सायकल, असेल तर छान, पण तिच्यासाठी अडून बसू नका. कालव्याच्या वाटेला ३५-३८ मिलिमीटरचं टायर असलेली साधी हायब्रिडही पुरते. तीवेदेनच्या भागासाठी ४० ते ४५ मिलिमीटर रुंद टायर घ्या. हवा ठासून भरायची सवय सोडा. ७० किलोच्या आसपास वजनाच्या माणसाला ४२ मिलिमीटरच्या ट्यूबलेस टायरमध्ये ३५ पीएसआय पुरेसं असतं. सामान जड असेल तर मागच्या चाकात थोडी जास्त. ट्यूबलेस असलं तरी एक ट्यूब, पंप, टायर लिव्हर, चेनची सुटी कडी आणि अॅलन-कीचा संच जवळ ठेवाच. जंगलात पंक्चरवाला मिळणार नाही.

अंधारात पुढे पांढरा आणि मागे लाल दिवा कायद्याने लागतो. रिफ्लेक्टर आणि घंटीही हवी. हेल्मेट १५ वर्षांखालच्या मुलांना सक्तीचं आहे, पण घालायला वय आड येऊ देऊ नका.

भाड्याची सायकल कालव्याकाठच्या काही गावांत उन्हाळ्यात मिळते, बहुधा तीन किंवा सात गिअरची साधी. कालव्यापुरती ठीक, जंगलासाठी नाही. चांगली ग्रॅव्हल बाईक हवी असेल तर मोठ्या शहरातूनच घेऊन निघा.

इथे गाडी अडते ती रेल्वेपाशी. एसजे या सरकारी रेल्वे कंपनीच्या वेगवान गाड्यांत जोडलेली सायकल सहसा नेता येत नाही. चाकं काढून पिशवीत बांधली तर सामान म्हणून चालते, तरी तिकिटाआधी नियम वाचा. प्रादेशिक गाड्यांत जागा असेल तर सायकल घेतात. पश्चिमेकडून येणाऱ्यांनी लिडशोपिंगमार्गे मारिएस्तादची, म्हणजे सफर जिथून सुरू होते त्या गावाची, प्रादेशिक गाडी धरावी. सकाळी कामावर जाणाऱ्यांची वेळ टाळली म्हणजे जागेची चिंता मिटते.

हक्क आहे, त्याची हद्दही आहे

स्वीडनमध्ये आलेमान्सरेत्तेन, म्हणजे निसर्गात फिरण्याचा सर्वांचा हक्क, १९९४ पासून राज्यघटनेत नमूद आहे. त्यामुळे खासगी मालकीच्या जंगलातून सायकल नेता येते, सरोवरात पोहता येतं, बेरी आणि आळंबी तोडता येतात, आणि कुणाच्या घरापासून दूर एखादी रात्र तंबू टाकता येतो. रस्त्यावर ‘एन्शिल्ड वेग’ अशी पाटी दिसली तर घाबरू नका. रस्ता खासगी आहे एवढाच तिचा अर्थ. मोटारींना तिथे बंदी असू शकते, सायकलला वाट मोकळी असते. जंगलातल्या रस्त्यावर आडवा लोखंडी दांडा असतो तोही मोटारींसाठी. बाजूने सायकल काढा.

पण हा हक्क ‘त्रास देऊ नका, नासधूस करू नका’ या अटीवर टिकलेला आहे. घराचं अंगण, पेरलेलं शेत, नवी लागवड यांतून जायचं नाही. घराच्या खिडकीतून दिसेल अशा जागी तंबू ठोकायचा नाही. गुरांच्या कुरणाचं फाटक उघडलंत तर मागे लावून घ्या. राष्ट्रीय उद्यानं आणि राखीव जंगलांचे नियम वेगळे असतात. प्रवेशापाशी फलक असतो, तो वाचून पुढे जा.

आगीच्या बाबतीत तर हयगय नकोच. कोरड्या उन्हाळ्यात ‘एल्डनिंग्सफोरबूद’, म्हणजे उघड्यावर आग पेटवायला बंदी, जाहीर होते. कधी कधी चुलीसाठी बांधलेल्या जागेवरही पेटवता येत नाही. त्या त्या नगरपालिकेच्या संकेतस्थळावर रोजची स्थिती कळते. बंदी नसली तरी उघड्या खडकावर आग लावू नका, तापून खडक तडकतो आणि तो डाग कायमचा.

पहिला दिवस : मारिएस्ताद ते टोरेबोडा

मारिएस्ताद वेनर्नच्या काठी आहे. वेनर्न हे स्वीडनचं सर्वांत मोठं सरोवर, क्षेत्रफळ सुमारे ५,६५० चौरस किलोमीटर. पलीकडचा काठ दिसत नाही, लाटा येतात, आणि कोकणातल्या माणसालाही क्षणभर वाटतं की समुद्र आला. इथून उत्तरेला शोटॉर्प वीसेक किलोमीटर. छोट्या रस्त्यांनी जा, हमरस्त्याने नको.

शोटॉर्पला कालवा सुरू होतो. गोटा कालवा, स्थानिक तोंडी ‘यॉता कानाल’, १८१० ते १८३२ या काळात खणला गेला. नौदलातल्या बाल्टझार फॉन प्लाटेन यांनी तो मनावर घेतला आणि आराखड्यासाठी स्कॉटलंडचे अभियंते थॉमस टेलफर्ड यांना बोलावलं. एकूण लांबी १९० किलोमीटर, त्यांतले ८७ किलोमीटर माणसांनी खणलेले आणि बाकीची सरोवरं. खणणारे बहुतेक सैनिक होते, सगळे मिळून सुमारे ५८,००० जणांनी यावर काम केलं. लॉकही ५८ आहेत. लॉक म्हणजे दोन दरवाजांमधला हौद. पाणी भरून किंवा सोडून बोट वरच्या नाहीतर खालच्या पातळीवर नेतात. शोटॉर्पलाच अशी आठ लॉक आहेत. सायकल टेकवून एक तरी बोट पूर्ण वर चढताना पाहा.

सायकलवाल्याला या कालव्याचा खरा फायदा म्हणजे त्याची ओढवाट. वाफेची इंजिनं येण्याआधी बैल आणि घोडे काठावरून चालत बोटी ओढत. त्यांच्या खुरांसाठी केलेली सपाट वाट आज आपल्या चाकांखाली येते. वाट बारीक खडीची, एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला झाडांची रांग. चढ नावालाच. वेनर्नची पातळी समुद्रसपाटीपासून ४४ मीटर आणि कालव्याचा सर्वांत उंच टप्पा सुमारे ९२ मीटर, म्हणजे पूर्ण पश्चिम भागात तुम्ही पन्नास मीटरसुद्धा चढत नाही, आणि तेही लॉकपाशी एकेका छोट्या उंचवट्याने.

वाट सपाट आहे म्हणून शर्यत लावू नका. लॉकच्या आसपास बोटवाले दोर टाकतात, ते वाटेवर आडवे येतात. दरवाजावरचा अरुंद पूल ओलांडताना उतरून सायकल ढकला. समोरून चालणारी माणसं आली की घंटी लांबूनच वाजवा, पाठीशी येऊन नको. लिरेस्ताद आणि हायस्टॉर्प ओलांडत टोरेबोडापर्यंतचा हा टप्पा शोटॉर्पपासून वीसएक किलोमीटर. हायस्टॉर्पला थांबा. एकापाठोपाठ चढत गेलेली लॉक, जुनी घरं आणि मोठी झाडं असलेला हा कोपरा पश्चिम कालव्यातला सर्वांत देखणा, असं माझं मत.

टोरेबोडा हे गाव वसलं ते कालवा आणि रेल्वे जिथे एकमेकांना छेदतात तिथे. गंमत अशी की १८६२ मध्ये स्टॉकहोम-गोथेनबर्ग रेल्वे पूर्ण झाली आणि तिनेच कालव्याच्या मालवाहतुकीचं कंबरडं मोडलं. गावात ‘लीना’ नावाची हाताने चालवायची चिमुकली होडी उन्हाळ्यात माणसांना आणि सायकलींना पलीकडे नेते. प्रवास काही सेकंदांचा, पण चुकवू नये. ज्यांच्याकडे एकच दिवस आहे त्यांना इथून रेल्वेने परतता येतं.

दुसरा दिवस : टोरेबोडा ते कार्ल्सबोर्ग

आज साधारण पन्नास किलोमीटर. सकाळचा भाग पुन्हा ओढवाटेने. वासबाकेनच्या पुढे लांटहोयदेन इथे कालव्याचा उंच टप्पा दाखवणारा दगडी स्तंभ आहे. पुढे टोटॉर्पला लॉक अजून हाताने चालवतात. लॉकवरची माणसं दांडे ढकलत दरवाजे उघडतात आणि बोटीवरचे पाहुणे कॉफी पितात.

टोटॉर्पनंतर कालवा वीकेन सरोवरात मिसळतो आणि ओढवाट संपते. अनेक जण इथेच गोंधळतात. वीकेनच्या काठाकाठाने जाणारे छोटे रस्ते नकाशात आधीच आखून ठेवा. त्यांत डांबर आणि खडी आलटून पालटून येतात. जंगलाची पहिली चव इथे मिळते. रस्ता वळतो, झाडांमधून पाणी चमकतं, लाल रंगाचं एखादं घर दिसतं, पुन्हा झाडं. घरांचा तो लाल रंग फालूनच्या तांब्याच्या खाणीतल्या मातीपासून बनतो आणि तो लाकूड टिकवतो. म्हणून देशभर घरं लाल.

फोर्सविकला तासभर तरी ठेवा. इथलं १८१३ चं लॉक कालव्यातलं सर्वांत जुनं, आणि त्यावरचा बिडाचा पूलही त्याच वर्षीचा. जुना लोखंडाचा कारखाना आता संग्रहालय आहे. एरिक नूर्देवाल ही चाकांची आगबोट १८५६ मध्ये वेटर्नमध्ये बुडाली. तिची हुबेहूब प्रतिकृती इथल्याच गोदीत बांधली गेली.

कार्ल्सबोर्गचा किल्ला वेटर्नच्या काठी आहे. १८१९ मध्ये बांधायला घेतला. शत्रू आला तर राजा, सरकार आणि तिजोरी देशाच्या मध्यभागी हलवायची, असा बेत. बांधकाम चाललं नव्वद वर्षं. १९०९ मध्ये किल्ला पूर्ण झाला तेव्हा तोफा इतक्या पुढे गेल्या होत्या की भिंतींचा उपयोग उरला नव्हता. आपल्या किल्ल्यांच्या सवयीने चढ शोधू नका, हा पाण्यालगत सपाट पसरलेला आहे आणि आत सायकलवरून फिरता येतं. काही भाग अजून लष्कराच्या ताब्यात आहे, पाट्या पाहून चला.

रात्री कार्ल्सबोर्गमध्ये दोन कामं करा. उद्याचं दोन वेळचं खाणं विकत घ्या, आणि नकाशा फोनमध्ये उतरवून ठेवा.

तिसरा दिवस : तीवेदेन

आता जंगल. कार्ल्सबोर्गहून आस्केरसुंडला जाणारा ४९ क्रमांकाचा रस्ता सरळ आणि जवळचा दिसतो. त्यावर जाऊ नका. मालमोटारी जोरात जातात आणि कडेला जागा नाही. उत्तरेला उंडेनेसकडे वळा आणि तिथून खडीच्या रस्त्यांनी तीवेदेन राष्ट्रीय उद्यानाच्या वीत्सांद प्रवेशद्वाराशी या. तिथून पुढे आस्केरसुंड. सगळं मिळून ७० किलोमीटरच्या आसपास, पण कालव्यावरचे ७० आणि हे ७० यांत फार फरक आहे. चढ छोटे, पण एकामागून एक येतच राहतात. सकाळी लवकर निघा.

तीवेदेन हा वेनर्न आणि वेटर्न यांच्या मधला उंचसखल, खडकाळ पट्टा. शेतीला निरुपयोगी म्हणून जंगल टिकलं. जुन्या काळी स्वेअर आणि गोटर या दोन लोकांमधली ही सरहद्द होती, आणि कायद्यापासून पळणारे इथेच दडत. १९८३ मध्ये गाभ्याचा भाग राष्ट्रीय उद्यान झाला. आत घराएवढे दगड पडलेले आहेत. हिमयुगात बर्फाने ओढून आणून टाकलेले. उद्यानातल्या पायवाटा सायकलसाठी नाहीत. वीत्सांदला सायकल कुलूप लावून ठेवा, एखादी छोटी फेरी पायी करा आणि मग तिथल्या वाळूच्या काठावर पाण्यात उतरा. पाणी चहासारखं तपकिरी दिसेल. जंगलातल्या दलदलीतून आलेलं ते पाणी स्वच्छच असतं.

खडीवर चालवण्याच्या खऱ्या युक्त्या इथेच लागतात, म्हणून इथेच सांगतो. मोटारींच्या चाकांनी दाबलेल्या दोन पट्ट्यांपैकी एकीत राहा. मधला उंचवटा आणि कडेची सुटी खडी, दोन्ही घसरवतात. वळणाच्या आधी वेग कमी करा, वळणात ब्रेक दाबू नका, पुढचा तर मुळीच नाही. हँडल घट्ट आवळू नका, चाकाला थोडं हलू द्या. उतारावर रस्त्याला बारीक आडव्या लाटा पडलेल्या असतात. तिथे बुड सीटवरून किंचित उचला आणि दोन्ही पेडल आडवी एका रेषेत ठेवा.

लाकडाच्या ओंडक्यांनी भरलेला ट्रक आला तर हुज्जत नको. काही रस्त्यांवर ७४ टनांपर्यंतच्या गाड्यांना परवानगी आहे, आणि भरलेली गाडी चटकन थांबत नाही. आवाज आला की कडेला उतरून उभे राहा, धूळ बसली की पुढे निघा. याच धुळीसाठी उन्हाळ्यात रस्त्यांवर एक प्रकारचं मीठ टाकतात. ते ओल धरून ठेवतं. रस्ता ओलसर, गडद दिसला तर समजा. ते चेनवर आणि ब्रेकवर चिकटतं आणि गंज आणतं. मुक्कामाला पोचलात की आधी बादलीभर पाण्याने सायकल धुवा, चेन पुसून तेल घाला, मग तुमची आंघोळ.

गवतातून, झुडपांतून चाललात तर गोचिडी चढतात. रोज रात्री गुडघ्यामागे, काखेत, कमरेपाशी नीट तपासा. दिसली तर चिमट्याने कातडीलगत पकडून सरळ ओढा. गोचिडीपासून बोरेलिया आणि टीबीई (मेंदूला सूज आणणारा विषाणूजन्य आजार) हे आजार होतात. टीबीईची लस मिळते, पण तिला एकाहून जास्त डोस लागतात, तेव्हा स्वीडनमध्ये राहणाऱ्यांनी वसंतातच चौकशी करावी. चावल्यानंतर काही दिवसांनी लाल वर्तुळ पसरायला लागलं तर ११७७ या आरोग्य सल्ल्याच्या क्रमांकावर फोन करा. जीवावर बेतलं तर ११२.

चौथा दिवस : आस्केरसुंड ते मोताला

आस्केरसुंड वेटर्नच्या उत्तर टोकाला. इथून मोतालाकडे ५० क्रमांकाचा महामार्ग जातो, त्याच्याही वाटेला जाऊ नका. पूर्वेकडे सरकून ओमेबेर्ग आणि सिंकग्रूवानकडून जंगलातल्या रस्त्यांनी दक्षिणेला उतरा. अंतर वाढतं, पण शांतता मिळते. सिंकग्रूवान ही जस्ताची खाण १८५७ मध्ये एका बेल्जियन कंपनीने सुरू केली आणि ती आजही चालू आहे.

मेदेवी हा विसावा. १६७८ मध्ये सुरू झालेलं हे स्वीडनचं सर्वांत जुनं आरोग्यस्नानाचं ठिकाण, लाकडी घरांची एक वसाहतच. उन्हाळ्यात संध्याकाळी इथे लापशी खाऊन पाहुणे बँडच्या मागे रांगेने फिरायला निघतात. मुक्काम परवडत असेल तर करा.

मोतालाला कालवा पुन्हा भेटतो. फॉन प्लाटेन १८२९ मध्ये गेले, कालवा पूर्ण होण्याआधी तीन वर्षं. त्यांची कबर मोतालात कालव्याच्या काठी आहे, आणि सायकलवाट तिच्या जवळून जाते.

इथून दोन फाटे

मोतालाहून पुढे काय करायचं ते पायांना विचारून ठरवा. दमला असाल तर कालव्याने पूर्वेला जा. बोरेन्सहुल्टची लॉक, बोरेन सरोवर, बोरेन्सबेर्ग आणि तिथून बेर्ग, साधारण ४५ किलोमीटर. बोरेन्सबेर्गजवळ रस्ता खालून आणि कालवा वरून जातो. मोटारींच्या डोक्यावरून बोट सरकताना दिसते. बेर्गला सात लॉकची सलग पायऱ्यांसारखी रांग आहे. ती बोटींना जवळपास १९ मीटर खाली रोक्सेन सरोवरात उतरवते. तिथून लिनशोपिंगचं रेल्वे स्टेशन जवळ आहे.

अंगात जोर असेल तर मी दक्षिणेचा फाटा सुचवेन. खडी कमी, शेतवाटा जास्त, वारा आडवा, पण इतिहास पावलोपावली. वादस्तेना सोळा-सतरा किलोमीटरवर. इथल्या मठाच्या चर्चचं १४३० मध्ये लोकार्पण झालं. मठ स्थापणाऱ्या संत बिर्गिता त्याआधीच, १३७३ मध्ये, रोममध्ये वारल्या होत्या. चर्च करड्या-निळसर चुनखडीचं, आतून उंच आणि साधं. शेजारी गुस्ताव वासा राजाने १५४५ मध्ये बांधायला घेतलेला पाण्याने वेढलेला किल्ला.

पुढे ऊमबेर्गची टेकडी. माथा २६३ मीटर, म्हणजे वेटर्नच्या पाण्यापासून जेमतेम पावणेदोनशे मीटर वर, पण सपाट शेतवाटांनंतर हा चढ जाणवतो. टेकडीच्या दक्षिण पायथ्याशी आल्वास्त्राच्या मठाचे अवशेष आहेत. फ्रान्सहून आलेल्या सिस्टर्शियन साधूंनी तो ११४३ मध्ये स्थापला. छत नाही, कमानी उभ्या आहेत, आत गवत आहे. बिर्गितांचे पती इथेच १३४४ मध्ये वारले.

तिथून पूर्वेला शेतांमधून रोकचं चर्च. अंगणात नवव्या शतकातली शिळा उभी आहे, सर्व बाजूंनी रुन या उत्तर युरोपातल्या जुन्या लिपीने भरलेली. अक्षरं सातशेहून जास्त, आणि एकाच दगडावरचा इतका लांब रुन लेख दुसरा माहीत नाही. वेमोद नावाच्या मेलेल्या मुलासाठी बापाने तो कोरवला, इथपर्यंत सहसा एकमत होतं. पुढचा मजकूर कोड्यांत आहे आणि त्यावर विद्वान अजून भांडतात. शेवटची गाडी पकडायची असेल तर शिळेपाशी घड्याळ पाहत राहा. म्योल्बी हे रेल्वे जंक्शन इथून पंचवीसेक किलोमीटरवर आहे.

खाणं, पाणी, पैसा, झोप

नळाचं पाणी सगळीकडे पिण्यायोग्य. गाव नसेल तिथे चर्च शोधा. कबरींवरच्या फुलझाडांना घालण्यासाठी आवारात नळ असतो आणि त्याचं पाणी बहुधा पिता येतं. ‘एय ड्रिक्सवाटेन’ अशी पाटी असेल तर मात्र पिऊ नका.

शाकाहाऱ्यांची फार आबाळ होत नाही. छोट्याशा गावातही पिझ्झाचं दुकान असतं. किराणा दुकानात ‘फिलम्योल्क’ मिळतं, आपल्या पातळ दह्याच्या जवळचं, मीठ-जिरे घातलं की काम भागतं. कडक क्नेकेब्रेड दिवसेंदिवस टिकतो. घरून दशम्या, चिवडा, शेंगदाण्याची चटणी नेली तर जंगलातल्या दुपारी तिचं मोल कळतं. भारतातून येणाऱ्यांनी पेढे, बर्फी, तूप आणू नये. युरोपीय संघाबाहेरून येताना दुधाचे आणि मांसाचे पदार्थ सामानात आणायला मनाई आहे.

रोख पैसे बहुतेक ठिकाणी कुणी घेत नाही. कार्ड दोन ठेवा. शेताच्या फाटकाशी स्ट्रॉबेरी, बटाटे, अंडी ठेवलेली असतात आणि पैसे ‘स्विश’ने द्यायचे असतात. स्विशला स्वीडिश बँकेचं खातं लागतं, म्हणून पाहुण्यांनी सुट्टी नाणी थोडी जवळ ठेवावी. कधी कधी डबाही ठेवलेला असतो.

झोपायला तंबू, कॅम्पिंग किंवा ‘वांद्रारहेम’, म्हणजे वसतिगृहासारखी स्वस्त जागा. तिथे चादर-अभ्रे आपले आणावे लागतात, नाहीतर भाडं पडतं, आणि निघताना खोली स्वतः झाडायची किंवा त्याचे पैसे भरायचे. जंगलात तीन बाजूंनी बंद, एका बाजूने उघडी अशी लाकडी ‘विंदशिद्द’ सापडते. ती आधी येणाऱ्याची नाही, सगळ्यांची. दुसरं कुणी आलं तर सरकून जागा द्यायची. तीत झोपायचा बेत असला तरी तंबू सोबत ठेवा, कारण डास उघड्या बाजूनेच येतात.